सेवाधर्माची कसोटी : पंडिता रमाबाई आणि पुणें

'सेवा' हा शब्द आपल्या बोलण्यांत इतका गुळगुळीत झाला आहे कीं, त्याची धार आतां कोणाला लागत नाहीं. नोकरीलाही सेवा म्हणतात, आणि दुकानाच्या पाटीवरही 'ग्राहकांच्या सेवेसाठीं' असें ठळक अक्षरांत रंगविलेलें असतें. ख्रिस्ती धर्मांत मात्र या शब्दाला एक अडचणीचा अर्थ आहे. तेथें 'शेजारी' कोण, असा प्रश्न विचारला गेला, तेव्हां उत्तरादाखल एक गोष्ट सांगण्यांत आली. रस्त्यांत घायाळ होऊन पडलेल्या वाटसरूला त्याच्या जातभाईंनीं टाळलें, आणि ज्याच्याशीं पंक्तिव्यवहारही होत नसे अशा परक्यानें त्याला उचललें. गोष्ट लहान मुलालाही समजेल अशी आहे. ती अंगीं आणूं गेलें म्हणजे किती किंमत पडते, हें पाहावयाचें असेल, तर पुण्याच्या लोकांना दूर जाण्याचें कारण नाहीं. पंडिता रमाबाईंचें चरित्र याच शहरांत, याच शहराशीं भांडत आणि याच शहरावर माया करीत घडलें.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत, गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण. पण बायकोला संस्कृत शिकवावें हा त्यांचा हट्ट, आणि त्यापायीं त्यांना विद्वानांच्या सभेपुढें आपली बाजू मांडावी लागली. पुढें घरदार मोडून हें कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणें सांगत देशभर पायीं हिंडलें. मुलीला शाळा म्हणून माहीत नव्हती. आईच्या तोंडून ऐकलेले श्लोक हीच तिची शाळा. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला. वडील, आई आणि थोरली बहीण थोड्याथोड्या महिन्यांच्या अंतरानें गेलीं. रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास हीं दोघें उरलीं, आणि तीं उत्तरेकडे चालत राहिलीं. पंजाबांत झेलमच्या कांठीं थंडी इतकी कडक होती कीं, पांघरूण नसल्यामुळें दोघांनीं वाळूंत खड्डे खणले आणि डोकें तेवढें बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली, असें बाईंनीं स्वतः लिहून ठेविलें आहे. पुढें केडगांवचें जें काम झालें, त्याचा पाया या वाळूंत आहे. भूक म्हणजे काय, हें त्यांना अहवालांतून कळलें नव्हतें.

१८७८ सालीं कलकत्त्यास पंडितांच्या सभेनें त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० त भाऊ वारला. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं त्यांचा नोंदणी-विवाह झाला, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत कॉलऱ्यानें नवराही गेला. पदरीं एक वर्षाचीही न झालेली मनोरमा. वय अवघें तेवीस.

त्याच वर्षीं त्या पुण्यास आल्या. पुण्यानें त्यांना हातांवर झेललें असेंच म्हटलें पाहिजे. आर्य महिला समाज स्थापन झाला, 'स्त्रीधर्मनीति' हें पुस्तक निघालें, आणि शिक्षणाच्या चौकशीसाठीं आलेल्या हंटर कमिशनपुढें त्यांनीं मराठींत साक्ष देऊन स्त्री-शिक्षकांची आणि स्त्री-डॉक्टरांची गरज निर्भीडपणें सांगितली. पुण्यांतील सुधारक मंडळींना एक बोलकी सरस्वती सांपडली होती. ही सरस्वती आपल्याच मळलेल्या वाटेनें चालेल, अशी मात्र त्यांची समजूत झाली असावी.

१८८३ सालीं बाई इंग्लंडला गेल्या. वैद्यकी शिकावी हा हेतु होता. कानांच्या बहिरेपणामुळें तो तडीस गेला नाहीं. वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनी-मठांत त्या उतरल्या होत्या. या मठाच्या भगिनी पुण्यांतही काम करीत असत. एकदां त्यांना लंडनमधील फुलम या भागांत नेण्यांत आलें. तेथें मठाचें एक घर होतें. समाजानें ज्यांना 'पतित' म्हणून टाकलें अशा स्त्रियांना तेथें आश्रय मिळे, आणि त्यांची शुश्रूषा स्वतःला पवित्र म्हणविणाऱ्या, व्रतस्थ बायका करीत. रमाबाईंनीं धर्मशास्त्रें वाचलीं होतीं. अशा बाईला प्रायश्चित्तानेंही परत घ्यावयाचें नाहीं, एवढेंच त्यांना ठाऊक होतें. तेथें त्यांनीं एका भगिनीला विचारलें कीं, तुम्ही यांची काळजी कां करतां? त्या बाईनें शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविली. रमाबाईंच्या मनाला वळण लागलें तें या घरांत. नीलकंठशास्त्री गोरे यांच्या लिखाणानें बुद्धीचें समाधान झालें हें खरें; पण हृदयाची खूण पटली ती फुलमच्या घरीं. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

येथें एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण धर्मांतर म्हणजे माणसानें आपलें डोकें दुसऱ्याच्या स्वाधीन करणें, असा पुष्कळांचा ग्रह असतो. रमाबाईंनीं तें केलें नाहीं. मांस आणि अंडीं त्यांनीं शिवलीं नाहींत. त्या जन्मभर शाकाहारी राहिल्या. गळ्यांतल्या क्रुसावर लॅटिन अक्षरें कां असावींत, माझ्या देशांतल्या माणसाला संस्कृत अधिक जवळचें आहे, असा वाद त्यांनीं भगिनी जेराल्डिन यांच्याशीं घातला. त्या दोघींचा पत्रव्यवहार छापून प्रसिद्ध झालेला आहे. त्यांत एक गुरु आपल्या शिष्येला पुनःपुन्हां नम्रता शिकवूं पाहते, आणि शिष्या पुनःपुन्हां विचारते कीं, देवानें दिलेली बुद्धि बिशपाच्या हवालीं करण्याची आज्ञा कोठें आहे? शिक्षकाचा पेशा केलेल्या माणसाला हीं पत्रें वाचतांना थोडी गंमत वाटते आणि थोडी धास्तीही वाटते. असा विद्यार्थी वर्गांत एकच पुरे!

बाप्तिस्म्याची बातमी पुण्यास पोंचली तेव्हां मोठा गहजब झाला. कालची सरस्वती आज घरभेदी ठरली. तिच्या बाजूनें उघडपणें बोलणारे थोडे निघाले. त्यांत जोतिराव फुले हे प्रमुख. १८८५ सालीं काढलेल्या 'सत्सार' या पत्रिकेंत त्यांनीं रमाबाईंचा पक्ष घेतला.

१८८६ सालीं बाई अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या कॉलेजांतून डॉक्टर होत होत्या, त्या समारंभासाठीं. तीन महिन्यांसाठीं म्हणून गेलेल्या त्या जवळजवळ तीन वर्षें राहिल्या. इंग्रजींत पुस्तक लिहिलें, गांवोगांव व्याख्यानें दिलीं, आणि १८८७ च्या अखेरीस बोस्टन येथें रमाबाई असोसिएशन स्थापन झालें. उच्चवर्णीय बालविधवांसाठीं शाळा काढावयाची, दहा वर्षें खर्च अमेरिकेनें द्यावयाचा, आणि शाळेंत कोणत्याही धर्माचें शिक्षण द्यावयाचें नाहीं, असा करार होता. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडलें. मुंबईचा खर्च झेपेना, म्हणून १८९० च्या नोव्हेंबरांत तें पुण्यास आलें.

हा काळ ध्यानांत घेतला पाहिजे. शारदा सदन पुण्यास येण्याच्या आदल्याच महिन्यांत, ऑक्टोबर १८९० मध्यें, पंचहौद मिशनमध्यें रानडे, टिळक आदि मंडळी एका कार्यक्रमाला गेलीं, आणि तेथें चहाचे पेले पुढें आले. कोणी प्याले, कोणी नुसते हातीं धरून खालीं ठेवले. त्या चहाचा वाद ग्रामण्यापर्यंत आणि पुढें प्रायश्चित्तापर्यंत गेला. पाठोपाठ संमतिवयाच्या कायद्यावरून १८९१ त रण माजलें. ज्या शहराला मिशनचा एक पेला चहा पचत नव्हता, त्या शहरांत एका ख्रिस्ती विधवेनें ब्राह्मणांच्या विधवा मुली सांभाळण्याचें घर मांडलें!

आणि नवल हें कीं, तें चाललें. सदनांत मुलींना आपापल्या जातीचे आचार पाळण्याची मोकळीक होती. सोंवळ्यांत स्वयंपाक होई. डॉ. भांडारकर आणि न्यायमूर्ति रानडे यांच्यासारखे पुरुष सल्लागार मंडळांत होते. मुली लिहूं-वाचूं लागल्या, केस राखूं लागल्या, बागेंत फिरूं लागल्या. पहिल्याच विद्यार्थिनींपैकीं एक गोदूबाई. फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकविणारे धोंडो केशव कर्वे यांच्याशीं ११ मार्च १८९३ रोजीं तिचा पुनर्विवाह पुण्यांत झाला. सदनाचा तो वाढदिवस होता. हीच पुढें आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे. १८९६ सालीं कर्व्यांनीं विधवांसाठीं आश्रम काढला आणि तो पुढें हिंगण्यास गेला, हें सर्वांना माहीत आहे. त्या घरांतली गृहिणी शारदा सदनांत घडलेली होती, हें मात्र सांगतांना पुष्कळ जण विसरतात.

आतां वादाचें मूळ. रमाबाई स्वतःच्या खोलींत रोज सकाळीं मनोरमेसह बायबल वाचीत आणि प्रार्थना करीत. त्या मुलींना बोलवीत नसत. पण दारही लावीत नसत. कांहीं मुली येऊन बसूं लागल्या. आश्रयदाती तीच, माउली तीच, गुरुही तीच. तिच्या खोलीचें दार उघडें असेल, तर मुलीचें पाऊल तिकडे वळणारच. पालकांना भय वाटलें. 'केसरी'नें प्रथम सदनाचें स्वागत केलें होतें, तो आतां कठोरपणें टीका करूं लागला. सल्लागारांनीं बाईंना विनविलें कीं, दार लावून प्रार्थना करा. बाई म्हणाल्या, माझ्या घरांत मी माझ्या देवाला चोरून कां भेटूं? ज्या मुली आपापल्या खोल्यांत आपले देव पूजितात त्यांना जसें स्वातंत्र्य आहे, तसेंच मलाही आहे. १८९३ सालीं रानडे आणि भांडारकर यांनीं सल्लागार मंडळ सोडलें. सुमारें पंचवीस मुली पालकांनीं काढून नेल्या.

या प्रकरणाचा न्याय आजही सोपा नाहीं. सल्लागार कांहीं संकुचित वृत्तीचे नव्हते. रानड्यांनीं स्वतः समाजाचे पुष्कळ टोले खाल्ले होते. त्यांनीं लोकांना शब्द दिला होता कीं, येथें तुमच्या मुलींच्या धर्माला धक्का लागणार नाहीं. तो शब्द त्यांना पाळावयाचा होता. पालकांची भीति खोटी म्हणतां येत नाहीं, कारण कांहीं मुलींचीं मनें खरोखरच तिकडे ओढलीं जात होतीं. दुसऱ्या बाजूला, ज्या श्रद्धेनें ही बाई या कामास लागली, ती श्रद्धा खुंटीला टांगून केवळ तिचें काम तेवढें आम्हांस द्या, असें म्हणणें म्हणजे झऱ्याचें तोंड बुजवून पाणी मागणें होय. तरी एवढें म्हणावेंच लागेल कीं, करारांत धर्मशिक्षण नको असें लिहून देणाऱ्या संस्थेंत चालकाच्या उघड्या दाराचा अर्थ काय होतो, याचा विचार बाईंनीं आधींच अधिक करावयास हवा होता. बोस्टनच्या मंडळींनीं चौकशीअंतीं बाईंवर विश्वास ठेविला आणि सदन टिकलें. पण पुण्यांतील पांढरपेशा घरांशीं जुळलेला धागा तुटला, तो पुन्हां तसा जुळला नाहीं.

तो तुटला, म्हणूनच पुढची गोष्ट घडली. १८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. रमाबाईंना झेलमची वाळू आठवली असेल. हातांत पैसा नव्हता. बोस्टनच्या पैशाला विधवांच्या शाळेची मर्यादा होती. तरी त्या स्वतः तिकडे गेल्या. अन्नछत्रांच्या आसपास निराधार मुलींना फूस लावून नेणारे दलाल फिरत होते, तें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें, आणि सुमारें तीनशें मुली व बायका त्यांनीं सोडवून आणल्या. या मुली कोणत्या जातीच्या, हा प्रश्न आतां उरलाच नव्हता. हाडांचे सांपळे, डोक्यांत उवा, अंगावर खरूज, आणि सवयी रस्त्यावरच्या. शारदा सदनांतल्या सुशिक्षित विधवांनीं या मुलींना न्हाऊमाखूं घालावयाचें होतें. काव्यांत सेवा सुंदर दिसते. खरजेला गंधकाचें मलम चोळतांना ती तशी दिसत नाहीं.

त्याच सुमारास पुण्यांत प्लेग शिरला. शहरांत इतकी माणसें एका घरांत ठेवणें शक्य नव्हतें. सोलापूरच्या रेल्वेमार्गावर, पुण्यापासून सुमारें ३४ मैलांवर, केडगांव येथें बाईंनीं आधींच कांहीं जमीन घेतली होती. अमेरिकेची मदत दहा वर्षांनीं संपेल, तेव्हां फळबागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी, हा मूळ विचार. झाडें अजून लहान होतीं. त्यांच्या शेजारीं झोंपड्या आणि तंबू उभे राहिले. मुक्ति सदन तें हें. विहिरी खणल्या, कारण तो मुलूख पर्जन्याचा उपाशी.

प्लेगच्या दिवसांतली आणखी एक हकीगत सांगण्यासारखी आहे. ज्यांना वाटे कीं ख्रिस्ती झालेली बाई सरकारची झाली, त्यांनीं ती ऐकावी. १८९७ सालीं सरकारी प्लेग-छावणींत स्त्रियांची जी आबाळ होत होती, तिच्याविषयीं रमाबाईंनीं 'बॉम्बे गार्डियन' या पत्रांत नांवानिशीं लिहिलें. त्यांच्या आश्रमांतली एक मुलगी तेथून नाहींशी झाली होती. सरकारनें इन्कार केला. बाईंनीं माघार घेतली नाहीं. चार वर्षांपूर्वीं ज्या पुण्यानें त्यांना वाळींत टाकलें होतें, त्याच पुण्याच्या बायकांची अब्रू सांभाळण्यासाठीं त्या गव्हर्नरच्या कारभाराशीं भांडत होत्या. रागाचा हिशेब ठेवणाऱ्याला हें जमत नाहीं.

१९०० च्या गुजराथेंतील दुष्काळांत पुन्हां मुली आणण्यांत आल्या, आणि आश्रमांतली संख्या १५०० च्या वर गेली. लहानसें गांवच तें! इतक्या माणसांना रोज दोन वेळ जेवूं घालणें म्हणजे काय, हें ज्यानें घरचें एक लग्न निभावलें आहे त्यानें ताडून पाहावें. रमाबाईंची व्यवस्था अशी होती कीं, आलेली प्रत्येक बाई थोड्याच दिवसांत कोणाचें तरी कांहीं तरी करूं लागे. शेती, गाईगुरें, माग, तेलाचा घाणा, शिवणकाम, आणि या सर्वांबरोबर शाळा. समाजानें टाकलेल्या स्त्रियांसाठीं कृपा सदन निघालें. फुलमचें घर मराठी मातींत उतरलें तें असें. अंधांसाठीं बारतमय आंधळ्याच्या नांवानें निराळें सदन झालें, आणि मनोरमाबाईंनीं तेथें ब्रेल लिपि शिकविली. आंधळ्या मुली बोटांनीं वाचूं लागल्या, टोपल्या विणूं लागल्या, आणि डोळस मुलींना शिकवूंही लागल्या. दयेचा विषय झालेला माणूस दुसऱ्याच्या उपयोगीं पडूं लागला कीं त्याची मान आपोआप वर होते. शाळामास्तरांनीं हें वर्गांतही पाहिलें असेल : मागच्या बांकावरच्या मुलाला खालच्या इयत्तेंतल्या पोराचा पाढा म्हणवून घेण्यास सांगावें आणि त्याचा चेहरा पाहावा.

शेवटचीं अनेक वर्षें बाईंनीं एका निराळ्याच कामांत घातलीं. मराठी बायबल पूर्वीपासून होतें. पण तें संस्कृतप्रचुर, आणि केडगांवच्या खेडवळ मुलींना कळेना. बाईंनीं उतारवयांत हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला व सबंध ग्रंथ नव्यानें सोप्या मराठींत उतरविण्यास घेतला. ज्या स्त्रीनें कलकत्त्याच्या पंडितांना संस्कृतानें जिंकलें, तिनें शब्द निवडतांना संस्कृत टाळावें, हा मोठाच त्याग होता; हिरे-माणकें काढून ठेवून काळी पोत घालण्यासारखा. त्या भाषांतराविषयीं मतभेद आहेत. मूळाला चिकटून राहण्याच्या आग्रहामुळें कित्येक वाक्यें मराठी कानाला खडबडीत लागतात, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण त्याचे खिळे जुळविले, कागद छापले आणि बांधणी केली ती आश्रमाच्या छापखान्यांतल्या बायकांनीं. दुष्काळांत हाडाचा सांपळा होऊन आलेली मुलगी खिळे जुळविते आहे, आणि जें जुळविते तें तिला समजावें म्हणून एक पंडिता शेजारच्या खोलींत शब्द शोधते आहे, एवढें लक्षांत ठेवून मग त्या मराठीचे दोष काढावे.

१९१९ सालीं सरकारनें त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिलें. तोंपर्यंत प्रकृति ढासळली होती. आपल्यामागें मनोरमा आश्रम सांभाळील, ही त्यांची आशा. तिचें सारें शिक्षण त्याच धोरणानें झालेलें होतें. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमाबाई वारल्या. वयाची चाळीस वर्षें नुकतीं पुरीं झालीं होतीं. बाईंनीं आश्रमाचा कारभार लिसा हेस्टी या सहकारिणीकडे सोंपविण्याची व्यवस्था केली, आणि पुन्हां बायबलचे कागद पुढें ओढले. ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांवींच त्यांचा अंत झाला. सबंध बायबल छापून बाहेर पडलें तें १९२४ त.

१९८९ सालीं भारत सरकारनें त्यांच्या नांवाचें टपाल-तिकीट काढलें. मुक्ति मिशन केडगांवीं आजही चालू आहे. निराधार बायका, मुलें आणि अंध यांना तेथें घर मिळतें. पुण्याहून दौंडच्या गाडीनें निघालें कीं वाटेंत केडगांव स्टेशन लागतें.